मधे भोक असलेली खुर्ची

३ मार्च, मंगळवार

आज गंजाची ऑर्डर मिळाली. चुकून लिहिलेलं नाही. गंजाचीच.

नवा कॅफे काढणाऱ्या बाई गाळ्यावर आल्या. नमुन्याच्या स्टुलाकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. "हे फार नवं दिसतंय हो. मला गंजलेली हवीत. कुणीतरी टाकून दिलेली वाटली पाहिजेत." इतकी वर्षं मी तारेच्या ब्रशने गंज खरवडतोय, नखांच्या कडा कायमच्या तांबूस झाल्यात. आता नव्याकोऱ्या लोखंडावर मीठ आणि व्हिनेगर शिंपडून गंज चढवायचा आणि मग लोकांचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून त्याच गंजावर लॅकर मारून त्याला जपायचं.

बाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. "आणि फार आरामशीर नकोत हं. लोक एक कॉफी घेतात, लॅपटॉप उघडतात आणि ठाण मांडून बसतात. बसायची पाटी पुढे थोडी उतरती ठेवता येईल का? म्हणजे आपोआप उठतील."

"येईल," मी म्हणालो. बाईंची किळस आली, पण "येईल" म्हणणाऱ्याची जास्त आली.

सकाळी ऑफिसात एसीच्या डक्टचे नकाशे काढायचे आणि दुपारनंतर गाळ्यात लोखंडी खुर्च्या-टेबलं करायची, असं माझं दोन तुकड्यांचं आयुष्य आहे. पहिला तुकडा पोटासाठी, दुसरा जिवासाठी, असं मी चारचौघांत ऐटीत सांगतो. आज दुसऱ्या तुकड्यात माणसं घसरवून उठवणारं स्टूल आखलं.

घरी आलो तर वास जिन्यापर्यंत आलेला. बाबांच्या खोलीचं दार बंद, आत ताई. बाबा न्हाणीघरात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी आले, तेव्हापासून हे असं आहे. ताई दोन गल्ल्या सोडून राहते, सकाळ-संध्याकाळ येऊन त्यांचं सगळं करते. मी दारातून "काय बाबा, बरंय ना?" असं विचारतो आणि ते भिंतीकडे तोंड फिरवतात. मी काय घोडं मारलंय त्यांचं, देव जाणे.

५ मार्च, गुरुवार

ताईने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"डायपरने त्यांची कातडी सोलायला लागलीय. त्यांना बसायला खुर्ची हवी. कमोडची, पलंगाशेजारी ठेवायची."

"मग आणू ना. मेडिकलवाल्याकडे मिळते."

"आणली होती. पत्र्याची, चाकाची. त्यांनी हात लावू दिला नाही. हॉस्पिटलातलं डबडं माझ्या खोलीत नको म्हणाले." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तू लोकांना खुर्च्या करून देतोस ना?"

मी करीन म्हणालो. जेवण मात्र गेलं नाही. मी खुर्ची करतो, ती कुणीतरी दिवाणखान्यात ठेवतो, पाहुणे हात फिरवून बघतात. ही खुर्ची कशासाठी आहे ते डोळ्यांसमोर आलं आणि घास तोंडात फिरायला लागला. इथे खोटं बोलायचं कारण नाही. मला बाबांच्या खोलीची किळस येते. चादरीची येते, बादलीची येते, त्या पावडरच्या वासाची तर येतेच येते. हे मी कुणाला सांगू शकत नाही. बायकोला सांगायची सोय नाही, कारण ताई नसते तेव्हा ती बादली तीच उचलते.

७ मार्च, शनिवार

डॉक्टर येऊन गेले. बाबा पाणी पीत नाहीत म्हणून ओरडले. जेवणसुद्धा चिमणीएवढं. असंच चाललं तर मूत्रपिंडाला त्रास होईल, पुन्हा दाखल करावं लागेल. उशाशी पेला भरून ठेवलेला असतो, संध्याकाळी बघावं तर तेवढाच. नुसता हट्ट! आयुष्यभर शाळेच्या मैदानावर पोरांना दटावलं, आता स्वतःच्या शरीराला दटावतायत.

बाबा शाळेत कवायतीचे मास्तर होते. मैदानाच्या टोकाला चौथरा, त्यावर बाबा, गळ्यात शिट्टी. त्यांनी "सावधान" म्हटलं की आम्ही शेकडो पोरं श्वास रोखायचो. मी त्यांचाच मुलगा म्हणून मला जरा जास्तच रोखावा लागायचा. घरीही ते खुर्चीत असे बसायचे की पाठ टेकवलेली मी पाहिली नाही.

ताई म्हणाली, "माप घेऊन टाक. मी धरते त्यांना."

मी म्हणालो, गरज नाही, बाबांचं माप मला तोंडपाठ आहे. खोटं नव्हतं ते. सगळं लहानपण त्यांच्याकडे मान वर करून बघण्यात गेलं, उंची कशी विसरेन? गुडघ्याची उंची धरली, खुब्याच्या पेशंटला लागते तशी वर बोट-दोन बोटं चढवली, खांद्यांच्या हिशेबाने खुर्चीचे हात एकमेकांपासून लांब ठेवले. नकाशा बसल्या बैठकीला झाला.

आणि हेही लिहून टाकतो की माप घ्यायचं तर चादर उचलावी लागली असती.

९ मार्च, सोमवार

आज सुट्टी टाकून दिवसभर गाळ्यात होतो. एका कोपऱ्यात कॅफेची स्टुलं व्हिनेगर पिऊन लाल होतायत. आंबट वासाने डोकं उठलं. दुसऱ्या कोपऱ्यात बाबांची खुर्ची.

खुर्चीबद्दल मात्र चांगलं लिहायला हवं. स्टेनलेसचा पाइप यंत्रात घातला आणि तो असा वळला की स्वतःवरच खूश झालो. पाठीपासून निघून हातावरून पुढे येऊन खाली पायापर्यंत, सगळं एका पाइपात, मधे कुठे तुकडा नाही. जोड घासून घासून इतके साफ केले की बोट फिरवलं तरी अडत नाही. भोक अंडाकृती कापलं, कड आत वळवली. खाली भांडं सरकवायला दोन पट्ट्या. भांडंही स्टेनलेसचंच, प्लॅस्टिक कशाला? इतकी देखणी वस्तू मी आजवर केलेली नाही.

संध्याकाळी बाबांना दारातूनच सांगितलं, "होत आलीय." ते भिंतीकडे बघत म्हणाले, "लवकर कर." रोज हाच तगादा! कौतुक राहिलं बाजूला.

११ मार्च, बुधवार

आज स्वतःला जोड्याने मारावं असं झालं.

कॅफेवाल्या बाई स्टुलं बघायला आल्या. गंज त्यांना पसंत पडला. तेवढ्यात त्यांची नजर बाबांच्या खुर्चीवर गेली. "अय्या, हे काय आहे? किती सुंदर!" त्या तिच्याभोवती फिरल्या, हातावरून हात फिरवला, बसायला जाणार तोच थबकल्या. "पण याला मधे भोक कशाला?"

आणि मी म्हणालो, "हवा खेळती राहते."

हवा खेळती राहते! अर्धं आयुष्य डक्टचे नकाशे काढून शेवटी कामाला आलं ते हे. बाई प्रभावित झाल्या. "किती विचार करता हो तुम्ही!" त्यांनी फोटो काढले. वर स्वतःच्या टेबलासाठी अशा दोन हव्यात म्हणाल्या. मी मान डोलवली. माझे वडील आजारी आहेत आणि त्यांना संडासला बसायला ही केली आहे, इतकं साधं वाक्य. ते मी गिळलं. एका अनोळखी बाईसमोर मला माझ्या बापाची लाज वाटली. ही स्टुलांवरच्या गंजाहून घाणेरडी गोष्ट आहे. ती लॅकर मारून कुणाला दाखवता यायची नाही.

१२ मार्च, गुरुवार

खुर्ची घरी आणली. ताईने आणि बायकोने बाबांना उचलून बसवलं. मी दारात उभा होतो. बाबांनी खुर्चीचे दोन्ही हात पकडले, थोडा वेळ बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "छान झालीय."

मला छान म्हणाले! मी शाळेत लांब उडीत पहिला आलो तेव्हा "पुढच्या वेळी टाच मागे टेकवू नकोस" म्हणणारा माणूस. "हवी तेव्हा वापरा," मी म्हणालो. "हो हो, सावकाश," बाबा म्हणाले, "आता मला पलंगावर घ्या." दमले असतील.

बाजारातून आइस्क्रीम आणलं. बाबांनी नको म्हटलं.

१३ मार्च, शुक्रवार

काल रात्री नाही, आज सकाळी नाही, दुपारी नाही. खुर्ची पलंगाशेजारी शोभेला उभी आहे आणि ताई डायपर बदलतेय. पेला भरलेलाच.

आज माझा तोल गेला. दारातून नाही, चक्क आत जाऊन बोललो. "बाबा, हॉस्पिटलचं डबडं नको म्हणालात, म्हणून जीव ओतून ही केली. आता हिच्यातही खोट दिसतेय का? तुम्हाला कुणाचं काही पसंत पडायचंच नाही." आणि आणखी एक वाक्य बोललो, ते इथे लिहायचीही इच्छा नाही. पण लिहितो. म्हणालो, "मग लोळा त्या घाणीतच."

भिंतीकडे वळायला त्यांना आता फार कष्ट पडतात. तरी वळले.

ताईने मला हाताला धरून बाहेर काढलं. ती चिडली नाही, हे वाईट झालं. थकलेल्या आवाजात म्हणाली, "माझ्याने आता होत नाही रे. माझी कंबर गेली. मी एका शुश्रूषा केंद्रात बोलले आहे, तिथे चोवीस तास माणसं असतात. रविवारी संध्याकाळी त्यांचा माणूस बघायला येतोय." दार उघडंच होतं. आत ऐकू गेलं असणार.

मी मनात म्हटलं, जाऊ दे. आणि मग बराच वेळ मला माझ्याच तोंडाची चव नको वाटत होती.

१४ मार्च, शनिवार

दुपारी जेवताना बायको म्हणाली, "तू त्यांचे पाय बघितलेस का?"

"कसले पाय?"

"बसले होते ना परवा. तेव्हाचे. तू दारात उभा राहून त्यांचं तोंड बघत होतास. मी खाली बसून पाय धरले होते. जमिनीला लागत नव्हते. लोंबकळत होते."

"शक्य नाही. बाबा केवढे उंच आहेत!"

तिने ताटातला हात थांबवला. "तुझे बाबा कधी उंच होते? आपल्या लग्नाच्या फोटोत माझ्या खांद्याला खांदा लावून उभे आहेत. मी काय उंच आहे?"

मी उठून फोटो बघितला. इतकी वर्षं समोरच्या भिंतीवर आहे. बाबा बायकोएवढेच आहेत, किंचित कमीच, ताठ उभे असल्यामुळे कळत नाही. मी त्यांच्यापेक्षा चांगला वीतभर वर. मग माझ्या डोक्यात इतका उंच माणूस आला कुठून? मैदानावरून आला. चौथऱ्यावरून आला. मी दहा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांनी माप घेतलं आणि चौथऱ्यासकट घेतलं.

खुर्ची ओढून नीट बघितली. बाबा त्यात कसे बसले असतील ते आता दिसलं. पाय अधांतरी, म्हणून जोर लावायला काही नाही. हात इतके दूर की कोपरं पंखांसारखी बाहेर. खाली भोक. धरून राहिले नसते तर पुढे घसरले असते. कॅफेच्या स्टुलावरून माणूस घसरावा म्हणून मी मुद्दाम जी मेहनत घेतली, ती बाबांसाठी न मागता केली होती. आणि त्यांनी तिथे लोंबकळत "छान झालीय" म्हटलं.

टेप घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. ताई अजून आली नव्हती.

"बाबा, माप घ्यायचं राहिलं होतं."

त्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं, "आता कशाला? उद्या तर तो माणूस येतोय."

"येऊ दे. मला माप हवंय."

मग त्यांनी स्वतःच चादर बाजूला केली. पाय काठीसारखे झालेत. पिंढरीची कातडी सुटून लोंबतेय, नखं पिवळी, घोट्यावर सूज. वास होता. टाच एका हातात धरून टेप गुडघ्यामागे नेला. किळस आली नाही असं लिहिणार होतो. आली. हात काढला नाही इतकंच.

टाच गार होती आणि भलतीच हलकी होती. हा पाय मी कधी धरला नव्हता. नमस्कार करतानाही बोटं टेकवून पटकन उचलायचो.

मग कमरेचं माप. त्यासाठी त्यांना बसवून काखेत हात घालून धरावं लागलं. त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर आली. तिथेच, कानाशी म्हणाले, "ताई मुलगी आहे रे. तिला हे करायला लावायचं..." आणि थांबले. मग म्हणाले, "कमी प्यायलं की तिला कमी करावं लागतं."

मी टेपवरचा आकडा तीनदा वाचला, तरी दिसेना.

१५ मार्च, रविवार

सकाळीच गाळा उघडला. इतक्या मायेने एका पाइपात वळवलेली खुर्ची ग्राइंडरखाली धरली. चारी पायांचे खालचे तुकडे ठणठण करत फरशीवर पडले. एवढ्यावर भागेना. हात जवळ घ्यायचे तर पाठ मधोमध कापावी लागली, बसायच्या पाटीच्या दोन्ही कडा छाटाव्या लागल्या. सोमवारी ज्याची फुशारकी मारली त्या अखंड पाइपाला आता दोन जोड आहेत, घासायला वेळ नव्हता म्हणून फुगीर राहिलेत. भोकाच्या कडेला मऊ रबर गुंडाळलं, कारण स्टेनलेस थंडगार लागतं हे मी आज पहिल्यांदा स्वतः बसून पाहिलं. हो, बसलो. गाळ्याचं दार उघडं ठेवून, विजार खाली करून नव्हे, पण बसलो. रस्त्यावरून जाणाऱ्या, लोखंडाला रंग चढवून देणाऱ्या पावडर कोटिंगवाल्याने विचारलं, "काय रे, राजासारखा बसलायस, काय आहे ते?"

"संडासची खुर्ची," मी ओरडून सांगितलं. "वडिलांची."

"बरं," तो म्हणाला आणि गेला. इतकंच होतं ते.

कॅफेवाल्या बाईंनाही फोन करून सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "अच्छा... पण भोकाशिवाय होईल ना?" या बाईला नमस्कार आहे.

दुपारी खुर्ची घेऊन घरी आलो. ताई पाहुण्यासारखी कडेला बसली होती, बाबांचे चार कपडे घडी करून पिशवीत भरलेले. बाबा त्या पिशवीकडे बघत पडलेले. मी खुर्ची पलंगाला लावली. ताई उठली तशी बाबा म्हणाले, "तू बाहेर जा."

"अहो पण बाबा, धरायला..."

"तो धरेल."

ताईने माझ्याकडे बघितलं. या नजरेला मी लायक आहे. ती बाहेर गेली, दार ओढून घेतलं.

मी त्यांना उचललं, वळवलं, धोतर आणि डायपर सोडलं, बसवलं. तळवे जमिनीला टेकले. नुसते बोटांनी नाही, पूर्ण टेकले. बाबांनी आधी डावा पाय दाबून पाहिला, मग उजवा. हात पकडले, कोपरं अंगाशी आली, आणि पाठ सरळ झाली. खरंच झाली. मी समोर उकिडवा बसून बघत राहिलो.

बाबा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"मागे फिर!"

मैदानावरचा आवाज. थोडा फाटलेला, पण तोच. मी कधी उठलो, टाचेवर कधी गर्रकन फिरलो, मला कळलं नाही. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, नजर कपाटाच्या कडीवर.

"ताठ!"

आणखी ताठ झालो. बराच वेळ काही झालं नाही. बाहेर ताई आणि बायको कुजबुजत होत्या, त्याही थांबल्या. मग भांड्यावर धार वाजली. स्टेनलेसवर फार मोठ्याने वाजते, प्लॅस्टिक घ्यायला हवं होतं. वास आला. मी कडीकडे बघत उभा राहिलो. नाक धरायला हात मोकळे नव्हते, मी सावधान होतो.

"विश्राम," मागून आवाज आला. आता तो अगदी साधा होता, घरातला.

पुसलं, उचललं, पलंगावर घेतलं. भांडं मीच नेलं. न्हाणीघरापर्यंत जाताना दोन वेळा थांबलो, तरी सांडू दिलं नाही. ताई दारात उभी होती. तिने भांड्यात डोकावून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून भिंतीला टेकली. मग फोन घेऊन गच्चीकडे गेली. "आज येऊ नका," म्हणताना ऐकलं.

हात धुऊन बाबांकडे परत आलो. ते भिंतीकडे नव्हते वळलेले. उशाशी सकाळचा पेला तसाच भरलेला होता. त्यांनी त्याच्याकडे मान हलवली.

"दे."

मी मान धरली. ते न थांबता प्यायले, गळ्यावरची गाठ वरखाली होत होती, शेवटचा घोट हनुवटीवर सांडला. रिकामा पेला त्यांनी माझ्या हातात ठेवला.

"आणखी आण," म्हणाले.